कॅट परीक्षेची नोंदणी, सत्र, शहर आणि दाखले: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतीय व्यवस्थापन संस्था (आयआयएम) आणि इतर अनेक व्यवस्थापन संस्थांच्या प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या कॅट परीक्षेचा अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरायचा असतो. हा अर्ज भरणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या पालकांना दरवर्षी जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. काही उत्तरे मोठी झाली आहेत, कारण चूक नेमकी तिथेच होते आणि नंतर ती दुरुस्त करता येत नाही.

कॅटची तारीख कोण ठरवते आणि परीक्षा साधारण केव्हा असते?

परीक्षा घेण्याची जबाबदारी आयआयएम संस्थांकडे आळीपाळीने येते. २०२३ साली ती लखनौकडे होती, २०२४ साली कोलकात्याकडे आणि २०२५ साली कोझिकोडकडे. या तीन वर्षांच्या तारखा अनुक्रमे २६ नोव्हेंबर, २४ नोव्हेंबर आणि ३० नोव्हेंबर अशा होत्या. तिन्ही वेळा नोव्हेंबरचा शेवटचा रविवार होता, त्यामुळे पुढच्या वर्षाची आखणी करताना तोच रविवार मनाशी धरायला हरकत नाही. अधिकृत तारीख मात्र जुलैच्या अखेरीस निघणाऱ्या जाहिरातीतूनच कळते आणि तीच अंतिम मानावी. परीक्षा वर्षातून एकदाच होते. ती चुकली तर पुढची संधी थेट पुढच्या नोव्हेंबरात मिळते.

अर्ज कधी सुरू होतो आणि मुदत किती असते?

२०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी नोंदणी १ ऑगस्टला सकाळी दहा वाजता सुरू झाली. शेवटची तारीख १३ सप्टेंबर होती आणि दोन्ही वेळा ती वाढवून २० सप्टेंबर करण्यात आली. यावरून मुदतवाढ मिळणारच असा समज अनेकांनी करून घेतला आहे, आणि तो धोक्याचा आहे. शेवटच्या दोन दिवसांत संकेतस्थळावर गर्दी होते, पैसे भरताना व्यवहार अडकतात, आणि महत्त्वाचे म्हणजे तोवर एखादा दाखला कमी असल्याचे लक्षात आले तर तो काढायला वेळच उरत नाही. नुसता अर्ज भरायला दोन-तीन तास पुरतात. त्याला लागणारी कागदपत्रे जमवायला मात्र कित्येकदा दोन महिने जातात. म्हणून तयारीची सुरुवात ऑगस्टमध्ये न करता जूनमध्ये करावी, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

परीक्षेचा दिवस किंवा वेळ मला निवडता येते का?

येत नाही. कॅट एकाच दिवशी तीन सत्रांत होते. अलीकडच्या वर्षांत ही सत्रे सकाळी साडेआठ ते साडेदहा, दुपारी साडेबारा ते अडीच आणि सायंकाळी साडेचार ते साडेसहा अशी आहेत. कोणत्या उमेदवाराला कोणते सत्र मिळेल हे आयोजक ठरवतात. ते प्रवेशपत्रावरच कळते आणि एकदा मिळालेले सत्र बदलून मिळत नाही. लग्न, नोकरीतील पाळी किंवा त्याच दिवशी असलेली दुसरी परीक्षा यांपैकी कोणतेही कारण त्यासाठी मान्य होत नाही. त्यामुळे तो संपूर्ण रविवार मोकळा ठेवावा. नोकरी करणाऱ्यांनी तारीख जाहीर होताच कार्यालयात रजेची कल्पना देऊन ठेवावी.

स्वतःच्या सोयीने तारीख ठरवायची मुभा व्यवस्थापन प्रवेशाच्या इतर काही परीक्षांत आहे. एनमॅटमध्ये उमेदवार ठरावीक कालावधीतला दिवस आणि वेळ स्वतः निवडतो. जीमॅट तर वर्षभर देता येते, फक्त दोन प्रयत्नांमध्ये किमान सोळा दिवसांचे अंतर ठेवावे लागते आणि बारा महिन्यांत जास्तीत जास्त पाच प्रयत्न करता येतात. या परीक्षांबद्दल ऐकलेले नियम कॅटला लावल्याने बराच गोंधळ होतो.

सकाळचे सत्र सोपे असते आणि सायंकाळचे कठीण असते, हे खरे आहे का?

तिन्ही सत्रांच्या प्रश्नपत्रिका वेगळ्या असतात, त्यामुळे काठिण्यात थोडाफार फरक पडणे स्वाभाविक आहे. तो फरक भरून काढण्यासाठी गुणांचे सामान्यीकरण केले जाते आणि निकालात दिसतात ते असे समायोजित गुण व पर्सेंटाइल (म्हणजे आपण किती टक्के उमेदवारांच्या पुढे आहोत तो आकडा). एखादे सत्र कठीण गेले म्हणून त्या सत्रातील उमेदवारांचे नुकसान होऊ नये, हाच त्या पद्धतीचा हेतू आहे. सत्र आपल्या हाती नाही, म्हणून त्याची चिंता करण्यात वेळ घालवू नये. सरावपरीक्षा मात्र तिन्ही वेळांना देऊन पाहाव्यात. दुपारी जेवणाच्या वेळेला दोन तास एकाग्र राहणे किंवा दिवसभर थांबून साडेचारला ताज्या मनाने बसणे, ही सवयीची गोष्ट आहे.

परीक्षेचे शहर कसे निवडावे?

देशभरातील सुमारे १७० शहरांत केंद्रे असतात. अलीकडच्या वर्षांत अर्जात पाच शहरे पसंतीच्या क्रमाने द्यावी लागतात. शहर देताना लक्षात घ्यायची गोष्ट म्हणजे, आपण अर्ज भरताना कुठे आहोत यापेक्षा नोव्हेंबरच्या अखेरीस कुठे असणार आहोत हे महत्त्वाचे आहे. लातूरचा विद्यार्थी पुण्यात वसतिगृहात राहत असेल आणि त्या सुमारास त्याची सत्रपरीक्षा सुरू असण्याची शक्यता असेल, तर त्याने पुणे पहिले लिहावे. घरी जाण्याचा बेत असेल तरच गावाजवळचे शहर पुढे आणावे.

दुसरी गोष्ट सकाळच्या सत्राची. साडेआठच्या परीक्षेसाठी केंद्रावर त्याआधी बराच वेळ हजर व्हावे लागते. केंद्र शहराच्या कोणत्या टोकाला मिळेल हे आधी ठाऊक नसते, कारण आपण फक्त शहर निवडतो, केंद्र निवडत नाही. मुंबईची पसंती दिलेल्या विरारच्या किंवा बदलापूरच्या उमेदवाराने रविवारच्या मेगाब्लॉकचा विचार आधीपासून करावा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या उमेदवारांना नागपूर, तर दक्षिण कोकणातील उमेदवारांना कोल्हापूर किंवा गोवा यांपैकी प्रवासाला जे सोपे असेल ते योग्य ठरते. आदल्या रात्री मुक्काम कुठे करायचा हे ज्या शहराबाबत ठामपणे सांगता येते, तेच शहर वरच्या क्रमांकावर लिहावे. पाचही जागा विचारपूर्वक भराव्यात. चौथी आणि पाचवी पसंती कधीच लागणार नाही असे समजून दूरची शहरे लिहून टाकू नयेत.

पात्रता काय आहे? माझी पदवी अजून पूर्ण व्हायची आहे.

कोणत्याही शाखेची पदवी किमान ५० टक्के गुणांनी उत्तीर्ण असावी लागते. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि दिव्यांग उमेदवारांसाठी ही अट ४५ टक्क्यांची आहे. वयाची अट नाही आणि किती वेळा परीक्षा द्यावी यावरही बंधन नाही. सनदी लेखापाल किंवा कंपनी सेक्रेटरी यांसारखी व्यावसायिक पात्रता आवश्यक गुणांसह पूर्ण केलेले उमेदवारही पात्र ठरतात.

पदवीच्या अंतिम वर्षाला असलेल्यांना अर्ज करता येतो. एटीकेटी असलेले, म्हणजे एखादा विषय राहिलेले, विद्यार्थी येथे हमखास घाबरतात. अर्ज भरण्यास आणि परीक्षा देण्यास एटीकेटीची आडकाठी नाही. मात्र प्रवेश मिळाल्यास पदवीच्या सर्व अटी पूर्ण झाल्याचे महाविद्यालयाचे किंवा विद्यापीठाचे प्रमाणपत्र संस्थेने दिलेल्या मुदतीत, सर्वसाधारणपणे जूनअखेरपर्यंत, सादर करावे लागते आणि तोवर प्रवेश तात्पुरता असतो. म्हणून राहिलेला विषय हिवाळी सत्रातच सुटेल असे पाहावे. उन्हाळी सत्राचा निकाल उशिरा लागला तर हातात आलेली जागा अडचणीत येऊ शकते.

नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची पदवी चालते का, असेही बरेच जण संकोचून विचारतात. ती राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाची मान्यताप्राप्त पदवी आहे आणि ती चालते. त्यात संकोच वाटण्यासारखे काहीही नाही.

माझ्या गुणपत्रिकेवर टक्के नाहीत, फक्त सीजीपीए (सरासरी श्रेणीगुण) आहे. अर्जात काय लिहू?

विद्यापीठाने रूपांतराचे सूत्र दिलेले असेल तर तेच वापरावे. ते गुणपत्रिकेच्या मागे छापलेले असते किंवा परीक्षा विभागाकडून लेखी मिळते. विद्यापीठाचे सूत्रच नसेल तर मिळालेल्या सीजीपीएला कमाल सीजीपीएने भागून शंभरने गुणायचे, असा नियम आहे. म्हणजे दहापैकी ७.२ असतील तर ७२ टक्के होतात. मित्राने वापरलेले सूत्र किंवा इंटरनेटवर सापडलेला तक्ता वापरू नये. एकाच विद्यापीठात वेगवेगळ्या वर्षांच्या अभ्यासक्रमांना वेगळी सूत्रे असू शकतात. मुलाखतीच्या वेळी मूळ गुणपत्रिका तपासली जाते, तेव्हा अर्जातला आकडा तिच्याशी जुळला नाही तर स्पष्टीकरण देण्याची पाळी उमेदवारावरच येते. दहावी-बारावीचे गुणही दशांशासह जसेच्या तसे लिहावेत आणि टक्के वर ओढून पूर्णांक करू नयेत.

अर्जात नाव कसे लिहावे? माझ्या कागदपत्रांवर नाव वेगवेगळ्या पद्धतीने छापले आहे.

हा प्रश्न महाराष्ट्रातल्या उमेदवारांना इतरांपेक्षा जास्त सतावतो. आपल्या राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि शेवटी वडिलांचे नाव येते. आईचे नाव वेगळ्या ओळीत असते. आधारकार्डावर बहुधा स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम असतो, तर पॅनकार्डावर कधी वडिलांचे नाव गाळलेले आढळते. एवढ्यातच इंग्रजी स्पेलिंगचे घोळही भर घालतात. गुणपत्रिकेवर शेवटी एक अक्षर जास्त असते, आधारवर ते नसते.

सर्वांत सुरक्षित मार्ग असा की अर्ज उघडण्यापूर्वी दहावीची गुणपत्रिका, पदवीची गुणपत्रिका, ज्या ओळखपत्राने परीक्षा द्यायची आहे ते ओळखपत्र आणि असल्यास जातीचा दाखला ही चार कागदपत्रे शेजारी ठेवून नावाचे प्रत्येक अक्षर ताडून पाहावे. फक्त क्रमाचा फरक असेल तर सहसा अडत नाही. स्पेलिंगचा फरक असेल तर आधारमधील नाव गुणपत्रिकेप्रमाणे करून घेणे हा त्यातल्या त्यात सोपा उपाय आहे, आणि तो जून-जुलैमध्येच करावा.

लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी विशेष काळजी घ्यावी. गुणपत्रिकांवर माहेरचे नाव आणि आधारवर सासरचे, अशी स्थिती असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा शासन राजपत्रातील नावबदलाची नोंद जवळ असलीच पाहिजे. ज्यांनी अजून कोणतेच कागदपत्र बदललेले नाही, त्यांनी प्रवेशप्रक्रिया पूर्ण होईपर्यंत ते तसेच ठेवावे. घरून घाई होत असली तरी हे थोडे महिने थांबण्यासारखे आहे.

माझ्याकडे जातीचा दाखला आणि नॉन क्रीमी लेयर प्रमाणपत्र आहे. ते पुरेसे आहे का?

बहुतेक वेळा नाही, आणि हे उमेदवाराला फार उशिरा कळते. आयआयएम या केंद्र सरकारच्या अखत्यारीतील संस्था आहेत, त्यामुळे तिथे केंद्राच्या याद्या आणि केंद्राच्या नमुन्यातील दाखले लागतात. आपल्याकडे शाळा-महाविद्यालयासाठी काढलेला दाखला राज्याच्या नमुन्यातील असतो. आरक्षणाचे प्रमाण असे आहे: अनुसूचित जाती १५ टक्के, अनुसूचित जमाती ७.५ टक्के, नॉन क्रीमी लेयर ओबीसी २७ टक्के, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक कमाल १० टक्के, आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के.

ओबीसी उमेदवारांनी सर्वप्रथम आपली जात महाराष्ट्रासाठीच्या केंद्रीय यादीत आहे का ते पाहावे. ही यादी राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या संकेतस्थळावर मिळते. राज्याची आणि केंद्राची यादी पुष्कळशी सारखी असली तरी तंतोतंत सारखी नाही. राज्यातल्या विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग या वर्गवाऱ्या केंद्रात नाहीत. तिथे यांपैकी अनेक जाती ओबीसीमध्ये मोडतात. धनगर आणि वंजारी ही याची ठळक उदाहरणे आहेत. अशा उमेदवाराने अर्जात स्वतःची राज्यातली वर्गवारी शोधत बसू नये. जात केंद्रीय यादीत असेल आणि नॉन क्रीमी लेयरच्या अटी पूर्ण होत असतील तर ओबीसीचा पर्याय निवडावा. राज्यातल्या प्रवेशांसाठी तीन वर्षांच्या मुदतीचे नॉन क्रीमी लेयर प्रमाणपत्र वापरायची आपल्याला सवय असते. कॅटसाठी दाखला कोणत्या तारखेनंतरचा हवा, हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकात वाचून नव्याने काढावा.

मराठा समाजातील उमेदवारांचा प्रश्न स्वतंत्रपणे सांगायला हवा. राज्याने २०२४ च्या कायद्याने एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) वर्गवारीत दिलेले दहा टक्के आरक्षण राज्यापुरते आहे आणि कॅटच्या अर्जात तो रकानाच नाही. अशा उमेदवाराला अटी पूर्ण होत असल्यास आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा केंद्रीय नमुन्यातील दाखला काढता येतो. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपेक्षा कमी असावे आणि पाच एकर किंवा त्याहून अधिक शेतजमीन नसावी, या त्यातल्या दोन मुख्य अटी आहेत. घराच्या आणि भूखंडाच्या आकाराच्याही मर्यादा आहेत. कोरडवाहू पाच एकरांतून काय पिकते हे आम्हालाही ठाऊक आहे, पण नियमात कोरडवाहू आणि बागायती असा भेद नाही. ज्यांच्याकडे कुणबी जातीचा दाखला आहे, त्यांना केंद्रीय यादीतील कुणबी नोंदीमुळे ओबीसीचा मार्ग उपलब्ध होतो, अर्थात नॉन क्रीमी लेयरच्या अटीवर.

बौद्ध उमेदवारांना १९९० पासून केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती लागू आहेत. मात्र केंद्राच्या यादीत जातींची नावे असल्याने, दाखला मूळ जातीचा उल्लेख असलेल्या केंद्रीय नमुन्यात आहे याची खात्री करून घ्यावी.

हे दाखले आपले सरकार सेवा केंद्रातून अर्ज करून तहसील किंवा प्रांत कार्यालयातून मिळतात. अर्ज करतानाच केंद्र शासनाच्या नमुन्यात हवा आहे असे स्पष्ट सांगावे आणि दाखला हाती आल्यावर तिथेच वाचून पाहावा. जात पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र राज्याच्या प्रवेशप्रक्रियेत कळीचे असते. कॅटच्या अर्जात ते जोडावे लागत नाही.

दाखला वेळेत मिळाला नाही तर आधी सर्वसाधारण वर्गवारीत अर्ज भरून नंतर बदलता येईल का?

येणार नाही. नोंदणीची मुदत संपल्यानंतर वर्गवारी बदलण्याची विनंती स्वीकारली जात नाही. याच एका कारणामुळे आम्ही जूनमध्ये दाखल्यांच्या मागे लागा असे पुन्हा पुन्हा सांगतो. घरात पहिल्यांदाच कुणी या परीक्षेला बसत असेल, तर हे सांगणारे माणूस जवळ नसते आणि हक्काची सवलत एका कागदामुळे वर्षभरासाठी हातची जाते.

शुल्क किती आहे आणि ते प्रत्येक संस्थेसाठी वेगळे भरावे लागते का?

२०२५ साली शुल्क २,६०० रुपये होते आणि अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व दिव्यांग उमेदवारांसाठी १,३०० रुपये. ओबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातील उमेदवारांना पूर्ण शुल्क भरावे लागते. कितीही आयआयएम निवडल्या तरी हे शुल्क एकदाच भरायचे असते आणि ते परत मिळत नाही. पैसे भरल्याशिवाय अर्ज पूर्ण झाला असे मानले जात नाही. खात्यातून रक्कम गेली पण अर्जात नोंद दिसत नसेल, तर लगेच दुसऱ्यांदा पैसे भरण्याऐवजी थोडा वेळ थांबून स्थिती तपासावी, व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवावा आणि गरज पडल्यास मदतकक्षाशी संपर्क साधावा. असे थांबायला सवड मिळावी म्हणून तरी पैसे शेवटच्या दिवशी भरू नयेत.

सायबर कॅफेतून अर्ज भरला तर चालेल का?

चालेल, पण ईमेल पत्ता आणि मोबाइल क्रमांक स्वतःचेच द्यावेत. नोंदणीच्या वेळी येणारा ओटीपी, त्यानंतर येणारे लॉगिन, प्रवेशपत्राची आणि मुलाखतीची सूचना हे सर्व त्याच पत्त्यावर येते. कॅफेचालकाने घाईत स्वतःचा ईमेल टाकला तर पुढचे सहा महिने उमेदवार त्याच्यावर अवलंबून राहतो. महाविद्यालयाने दिलेला ईमेलही टाळावा, कारण पदवी संपल्यावर तो बंद होऊ शकतो. तसेच एका व्यक्तीने एकच अर्ज भरावा.

छायाचित्र आणि स्वाक्षरीबाबत काय लक्षात ठेवावे?

छायाचित्र अलीकडचे आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे असावे. आकार आणि फाइलची मर्यादा अर्जात दिलेली असते. परीक्षेच्या दिवशी चेहरा ज्या रूपात असेल, साधारण त्याच रूपातला फोटो द्यावा. दाढी किंवा चष्मा यांत मोठा फरक नसावा. स्वाक्षरी इंग्रजीत करावी की मराठीत, याला महत्त्व नाही, मात्र ती नेहमीचीच असावी.

अर्जात संस्था आणि अभ्यासक्रम निवडायला सांगतात. सगळ्यांवर खूण करू का?

ज्या आयआयएममध्ये प्रवेशासाठी आपला विचार व्हावा असे वाटते, तिचा अभ्यासक्रम नोंदणीच्या वेळीच निवडावा लागतो. शुल्क वाढत नसल्याने हात आखडता घेण्याचे कारण नाही. मानव संसाधन, विश्लेषण किंवा कृषिव्यवसाय अशा विशेष अभ्यासक्रमांची नावे वाचून मगच निवडावीत. कृषी पदवीधरांनी कृषिव्यवसायाचे पर्याय अवश्य पाहावेत. मुलाखतीचे शहरही येथेच विचारले जाते. महाराष्ट्रात दोन आयआयएम आहेत: २०१५ साली सुरू झालेली नागपूरची, आणि पवईची, जी पूर्वी निटी या नावाने ओळखली जात असे आणि २०२३ पासून आयआयएम मुंबई झाली. घराजवळची संस्था आहे म्हणून कुणी तिच्याकडे दुर्लक्ष करू नये.

कॅटचा अर्ज भरला म्हणजे मुंबई-पुण्याच्या इतर संस्थांमध्येही आपोआप अर्ज होतो का?

होत नाही. आयआयएमव्यतिरिक्त ज्या संस्था कॅटचे गुण ग्राह्य धरतात, त्यांचा अर्ज स्वतंत्रपणे भरावा लागतो आणि त्याचे शुल्कही वेगळे असते. आयआयटी मुंबईचे व्यवस्थापन विद्यालय आणि अंधेरीची एसपी जैन संस्था यांना हे लागू होते. यांतील काही संस्थांच्या मुदती कॅटच्या निकालाआधीच संपतात, म्हणून निकाल लागल्यावर बघू हे धोरण येथे चालत नाही.

राज्याच्या सीईटी कक्षातर्फे होणारी एमबीए-सीईटी ही पूर्णपणे वेगळी परीक्षा आहे. तिचा अर्ज वेगळा असतो, तिच्यात नकारात्मक गुण नसतात, आणि परीक्षेनंतर केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेसाठी पुन्हा नोंदणी करावी लागते. मुंबई विद्यापीठाच्या जमनालाल बजाज संस्थेसारख्या ठिकाणी जायचे असेल तर ती परीक्षा टाळून चालणार नाही. पुण्याच्या सिम्बायोसिसची स्नॅप डिसेंबरमध्ये आणि जमशेदपूरच्या एक्सएलआरआयची झॅट जानेवारीच्या पहिल्या रविवारी होते. कॅटनंतरच्या सहा आठवड्यांत स्नॅप आणि झॅट ओळीने येतात, त्यामुळे सर्व तारखा एकाच दिनदर्शिकेवर मांडून ठेवाव्यात.

दिव्यांग उमेदवारांसाठी काय सोय आहे?

नियमात बसणाऱ्या दिव्यांग उमेदवारांना प्रत्येक विभागासाठी ४० मिनिटांऐवजी ५३ मिनिटे २० सेकंद मिळतात. लेखनिक हवा असेल तर तसे अर्जातच नमूद करावे लागते. दिव्यांगत्व प्रमाणपत्र जुने असेल किंवा त्यावर टक्केवारी स्पष्ट नसेल, तर जिल्हा रुग्णालयातून नवे काढण्यासाठी वेळ राखून ठेवावा.

मी परदेशात राहतो. तिथून परीक्षा देता येईल का?

कॅटची केंद्रे फक्त भारतात आहेत. दुबई किंवा सिंगापूरमध्ये राहणाऱ्या उमेदवाराला त्या रविवारसाठी भारतात यावेच लागते. परदेशात वास्तव्य असलेल्या उमेदवारांसाठी काही आयआयएम जीमॅटचे गुणही स्वीकारतात आणि नोकरीचा अनुभव असणाऱ्यांच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमांना जीमॅट चालते. विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी त्या संस्थेची अट वाचावी.

अर्ज भरल्यानंतर चूक लक्षात आली. आता काय करावे?

नोंदणी संपल्यावर दुरुस्तीसाठी एक छोटी मुदत दिली जाते. तिच्यात अलीकडच्या वर्षांत छायाचित्र, स्वाक्षरी आणि शहरांची पसंती एवढेच बदलता आले आहे. इतर तपशिलांसाठी या मुदतीवर विसंबू नये. म्हणून अंतिम सादर करण्याआधी संपूर्ण अर्ज घरातल्या दुसऱ्या व्यक्तीला मोठ्याने वाचून दाखवायला सांगावा आणि आपण मूळ कागदपत्रे समोर धरून ताडत जावे. स्वतः लिहिलेल्यातली चूक स्वतःला दिसत नाही, हे अनुभवाने सांगतो.

प्रवेशपत्र आल्यावर काय तपासावे?

नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात ते संकेतस्थळावर उपलब्ध होते. नाव, वर्गवारी, छायाचित्र, सत्र आणि केंद्राचा पूर्ण पत्ता त्याच दिवशी तपासावा. एकाच नावाची दोन महाविद्यालये एका शहरात असणे आपल्याकडे नवे नाही, तेव्हा पिनकोड पाहावा आणि शक्य असल्यास आदल्या दिवशी केंद्र प्रत्यक्ष बघून यावे. परीक्षेला छापील प्रवेशपत्र आणि मूळ ओळखपत्र लागते. मोबाइलमधले आधारचे छायाचित्र चालेल असे समजू नये. प्रवेशद्वार परीक्षेच्या काही वेळ आधी बंद होते आणि त्यानंतर आलेल्या उमेदवाराला आत घेत नाहीत.

निकाल कधी लागतो आणि गुण किती काळ चालतात?

निकाल बहुधा डिसेंबरच्या उत्तरार्धात लागतो आणि गुण पुढील वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत वैध असतात. त्यानंतर संकेतस्थळावरून ते मिळत नाहीत, म्हणून गुणपत्र लगेच उतरवून घ्यावे आणि अर्जाची प्रत, शुल्काची पावती, जोडलेले दाखले व प्रवेशपत्र यांच्यासोबत एकाच फोल्डरमध्ये ठेवावे. मुलाखतीच्या वेळी मूळ गुणपत्रिकांसोबत यांचीही गरज पडू शकते.